आधी पुडिंग

रविवारी दुपारी थेल्मा हेलिवेलच्या टेबलाभोवती पाच माणसं बसायची आणि पंधरा नखरे. धाकटी नात बेथनी आठ वर्षांची. तिला ताटलीतल्या एका पदार्थाला दुसरा शिवलेला चालत नसे. गाजर वाटाण्याला टेकलं की दोन्ही बाद. तिचा भाऊ ल्यूक नाताळापासून शाकाहारी झाला होता, आणि नव्याने धर्म बदललेल्या माणसाच्या उत्साहाने तो दर घासाला चौकशी करी, की आजी, हे बटाटे कशात परतलेत? त्यांची आई जॅनिस, म्हणजे थेल्माची एकुलती एक लेक, वजन उतरवायच्या नादात बटाटा आणि मैदा यांच्याशी कट्टी घेऊन बसलेली. बरं, बटाटा नाही आणि मैदा नाही तर यॉर्कशायरातल्या हॅलिफॅक्समध्ये रविवार साजरा करायचा कशाचा, हे मात्र तिने आईला सांगितलं नव्हतं. आणि टेबलाच्या डोक्याशी थेल्माचा नवरा क्लिफर्ड. त्याचा नखरा एकच, पण त्यापुढे बाकीच्यांचे सगळे पाणी भरत. तो जेवतच नव्हता.

तो आदळआपट करत नसे, चिडत नसे. समोर ताटली आली की तिच्याकडे नीट बघायचा, दोन्ही हातांनी ती वीतभर पुढे सरकवायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि सभ्यपणे म्हणायचा, "अजून नाही."

"अजून नाही म्हणजे कधी, क्लिफ?" थेल्मा विचारायची.

तो हसायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचा. ताटलीतल्या ग्रेव्हीवर साय धरायची. थेल्माने घास तोंडाशी नेला तर ओठ घट्ट मिटायचा. लहान मूल मिटतं तसं नव्हे. ज्याला काही नियम माहीत आहे आणि समोरच्याला नाही, अशा माणसासारखा.

हाच क्लिफर्ड गिरणीत लोकरीच्या कापडाला रंग द्यायचा, आणि घरी आल्यावर त्याचं जेवण बघायला शेजारणी काहीतरी निमित्त काढून डोकवायच्या. रविवारचं मांस कापायचा मान त्याचा. सुरीला धार लावताना तो एक डोळा बारीक करायचा, आणि टेबलावर कुणी बोलायचं नाही. तीन वर्षांपूर्वी त्याची आठवण विरायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग रस्ते, मग जॅनिसचं नाव. तरी रविवारी काटा-सुरी हातात आली की हात आपलं काम विसरत नसत. थेल्माचं नाव गेलं तेव्हाही ती फारशी हादरली नाही, कारण त्याने तिला नावाने हाक अशी कधी मारलीच नव्हती. लग्नाआधीपासून तो तिला 'पोरी' म्हणायचा. सत्तरीला टेकलेल्या बाईला पोरी म्हणणारा एक माणूस घरात आहे, एवढं तिला पुरत होतं.

नाताळानंतर 'पोरी'ही बंद झालं आणि रविवारचं जेवणही. इतर दिवशी चहात बुडवलेली बिस्किटं, चमचाभर सूप, एवढ्यावर त्याचं चालायचं. रविवारी पोटभर जेवायचा आणि सोमवार-मंगळवारी त्यातलंच थंड मांस खायचा म्हणून तर तो आजवर तगला होता. आता कोट खुंटीला लावल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. वजन करायला येणारी नर्स काट्याकडे बघून नुसतीच ओठ आवळी. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर घरी ठेवणं बरोबर होणार नाही.

मग थेल्माने कंबर कसली. बाई हट्टी. तिला वाटलं, याला चव लागत नसेल, आपण रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायचं मांस, बदलून बघू. एका रविवारी मेंढीची तंगडी आणि पुदिन्याची चटणी. पुढच्या रविवारी डुकराचं मांस, वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत करून, सोबत आंबट सफरचंदाचा गर. मग कोंबडी, पोटात कांदा आणि सेज नावाचा वासाचा पाला भरून. मग कोंबडीच, पण लिंबू घालून. एकदा तर तिने मासिकात वाचून मांसाला लसूण टोचली. त्या घरात लसूण शिरायची ती पहिलीच वेळ. बेथनी नाक दाबून जिन्यात जाऊन बसली, ल्यूक म्हणाला की आपलं मत बदललेलं नाही, आणि क्लिफर्डने ताटली पुढे सरकवून म्हटलं, "अजून नाही."

नर्स म्हणाली मऊ देऊन बघा, म्हणून तिने बारीक करून दिलं. जॅनिस म्हणाली ताटली निळी घे, कुठेसं वाचलंय, म्हणून निळी घेतली. शिवाय बेथनीला खणाखणांची ताटली, ल्यूकला अक्रोड-मशरूमचे वडे, त्याला मांसाचा रस नसलेली कांद्याची वेगळी ग्रेव्ही, जॅनिसला बटाट्याऐवजी कोबी. रविवार उजाडला की चुलीवर इतकी भांडी चढायची की कुठल्यात काय आहे ते थेल्मालाच आठवू नये. सगळ्यांसाठी सगळं करायचं आणि पोटात कुणाच्याच धड काही जायचं नाही. रात्री ती उरलेलं डब्यात भरायची आणि डब्याचं झाकण लावता लावता रडायची. दुसऱ्या दिवशी तेच थंड मांस एकटीने खायची, कारण अन्न टाकायची त्या पिढीला सवय नाही.

गुरुवारी जॅनिसचा फोन आला.

"आई, हीदर बँकमध्ये जागा झालीय."

हीदर बँक म्हणजे टेकडीवरचा वृद्धाश्रम. तिथे जागा कशी होते ते दोघींना ठाऊक होतं, म्हणून दोघी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

"सोमवारी सकाळी त्यांना हो की नाही सांगायचंय. नाहीतर दुसऱ्याला देतील."

"नाही सांग."

"आई, बाबा उपाशी मरतायत. मला वाईट बोलायला लावू नकोस. तिथली माणसं शिकलेली असतात गं, भरवायची त्यांना सवय असते."

"मीही तुला भरवलंय. तू काय कमी हट्टी होतीस?"

"मी एक वर्षाची होते."

थेल्मा म्हणाली, "एक रविवार दे मला. या रविवारी तो जेवला तर नाही सांग. नाही जेवला तर..." पुढचं वाक्य तिने घशातच ठेवलं. जॅनिसला ते ऐकू आलं. ती म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर थेल्मा खालच्या चौकातल्या खाटकाकडे गेली आणि तिने बरगडीचं बीफ सांगितलं, चांगलं, चरबीच्या पट्ट्याचं. सगळं करून झालं होतं, आता मूळपदावर यायचं. क्लिफर्डने लग्नानंतर पहिल्या रविवारी हेच खाल्लं होतं.

इथे सासूबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. सासूशिवाय सुनेची गोष्ट कुठे पुरी होते? आणि हिल्डा हेलिवेल ही दोन शब्दांत मावणारी बाई नव्हती.

हिल्डा अस्सल यॉर्कशायरची. तिच्या घरी रविवारी आधी पुडिंग यायचं. हे पुडिंग गोडाचं नव्हे. अंडी, दूध आणि मैद्याचं पातळ पीठ धुरकटलेल्या गरम चरबीत ओतायचं आणि ओव्हनमध्ये फुगवायचं. कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ. हिल्डा ते भल्या मोठ्या चौकोनी पत्र्यात करायची, त्याचे तुकडे पाडायची आणि नुसत्या कांद्याच्या ग्रेव्हीबरोबर वाढायची. पोरांची पोटं पुडिंगने भरली की एवढंसं मांस सात जणांत पुरायचं. पण गरिबीला गरिबी म्हणायची पद्धत नव्हती, म्हणून तिने त्याचं गाणं केलं होतं: ज्याची पुडिंगची थाळी आधी रिकामी, त्याला मांसाचा तुकडा नामी. पोरं पुडिंगवर तुटून पडायची. ताटली पुसून दाखवल्याशिवाय मांसाकडे बघायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती.

थेल्मा डोंगरापलीकडची, रॉचडेलची, म्हणजे लँकेशायरची. या दोन मुलखांचं वाकडं कधीपासून, ते कुणालाच आठवत नाही, आणि विसरायलाही कुणी तयार नाही. रॉचडेलात पुडिंग मांसाबरोबर एकाच ताटलीत. क्लिफर्ड तिला पहिल्यांदा आईकडे जेवायला घेऊन गेला त्या रविवारी थेल्मासमोर पुडिंगचा चौकोन आला आणि ती शहाण्या मुलीसारखी मांस यायची वाट बघत थांबली. हिल्डाने थोडा वेळ बघितलं, मग ताटली उचलून नेली.

"डोंगरापलीकडे सगळं एकदम लागतं वाटतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमच्याकडे असं डुकरांना घालतात."

टेबलाभोवतीची सगळी हसली. क्लिफर्ड हसला नाही, पण बोललाही नाही. मान खाली घालून आपलं पुडिंग खात राहिला. थेल्मा परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. लग्न झालं, आपलं घर झालं, आणि त्या घरात तिने पहिल्याच रविवारी छोटी छोटी गोल पुडिंगं केली आणि मांसाशेजारी ताटलीत ठेवली. क्लिफर्डने मुकाट्याने खाल्ली. हिल्डा जेवायला आली की ताटलीतलं पुडिंग तेवढं आधी खायची आणि मग छताकडे बघत बसायची. ती गेल्यावर तिचा चौकोनी पत्रा वारसा म्हणून थेल्माकडे आला. तो काळाकुट्ट पत्रा तिने ओव्हनच्या तळाशी टाकला आणि त्यात कधी पुडिंग केलं नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. थेल्माचे चार दिवस पंचेचाळीस वर्षं चालले होते.

रविवारी सकाळी तिने क्लिफर्डची दाढी केली, त्याला निळा सदरा घातला आणि टेबलाशी बसवलं. पुडिंगचं पीठ फेटून थंड जागी ठेवलं. ल्यूकसाठी कांद्याची ग्रेव्ही करून बाजूला ठेवली. बीफ नुकतं ओव्हनमध्ये सरकवलं होतं, बटाटे सोलायचे होते, अंगावर अजून घरातला झगा होता, आणि तेवढ्यात दार वाजलं. दारात जॅनिस, ल्यूक आणि बेथनी.

"इतक्या लवकर?" थेल्मा म्हणाली.

"लवकर कुठे? वेळेवर आलोय. उलट तूच अजून झग्यात." जॅनिसने आत येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मनगटाकडे. तिचा आवाज खाली आला. "आई, घड्याळं पुढे केली नाहीस?"

मार्च महिन्याचा शेवटचा रविवार. वर्षातून एकदा साऱ्या देशाची घड्याळं तासभर पुढे सरकतात तो दिवस. हे काम क्लिफर्डचं असायचं. शनिवारी संध्याकाळी तो स्टूल घेऊन घरभर फिरायचा आणि काटे फिरवताना म्हणायचा, "घे पोरी, तुझा एक तास चोरला." तो आजारी पडल्यापासून जॅनिस फोन करून आठवण द्यायची. या आठवड्यात तिच्याही डोक्यात दुसरं चाललं होतं.

"बीफ आत्ता घातलं मी," थेल्मा म्हणाली.

"म्हणजे अजून तास-दीड तास." जॅनिसने पर्स टेबलावर ठेवली आणि ज्याची थेल्माला भीती होती तेच बोलली, हळू आवाजात, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. "बघ ना आई. आता तुझ्याकडूनही सुटायला लागलंय. एकटीने कुठवर ओढणार आहेस?"

थेल्माने हात झग्याच्या खिशात घातले. वजनकाटा नाही, डॉक्टर नाही, एका घड्याळाने घात केला होता. ज्या रविवारावर सगळं लावलं, तो तिने स्वतःच्या हाताने नासवला होता.

"मला भूक लागलीय," बेथनी म्हणाली.

"आजी, माझे वडे झालेत का?" ल्यूकने विचारलं.

"बसा सगळी," थेल्मा म्हणाली. "काहीतरी देते."

काहीतरी म्हणजे काय, ते तिला स्वयंपाकघरात जाईपर्यंत माहीत नव्हतं. बटाटे कच्चे, गाजरं कच्ची, मांस रक्ताळलेलं. तयार होतं ते पुडिंगचं पीठ आणि ग्रेव्ही. तिने गोल खळग्यांचा पत्रा शोधला, तर त्यात ल्यूकचे वडे थापून ठेवलेले. ते उपसायला वेळ नव्हता. ती खाली वाकली, ओव्हनच्या तळातून हिल्डाचा काळा पत्रा ओढून काढला, त्यावर बीफच्या चरबीचा गोळा टाकला आणि आच वाढवली. चरबी धुरकटली तसं तिने पीठ ओतलं. चर्र आवाज झाला. दार लावून ती तिथेच खाली बसली, फरशीवर, ओव्हनच्या काचेसमोर. उद्या फोनवर जॅनिस काय बोलेल, वृद्धाश्रमात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून क्लिफर्डच्या कुठल्या सदऱ्यांवर नाव शिवून द्यावं लागेल, हे तिच्या डोक्यात फिरत राहिलं. निळ्यावर नको, असं तिने ठरवलं. निळा घरी ठेवायचा.

पुडिंग फुगलं. एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी, पण फुगलं. तिने चौकोन पाडले, ताटल्यांत टाकले, ग्रेव्हीचं भांडं उचललं आणि बाहेर आणून ठेवलं.

"एवढंच?" ल्यूक म्हणाला. "कशात केलंय?"

"तेलात," थेल्माने पापणी न हलवता थाप मारली.

"माझ्यावर ग्रेव्ही नको. बाजूला," बेथनी म्हणाली. तिने ताटलीत चारी बाजूंनी नजर फिरवली. शिवायला दुसरा पदार्थच नव्हता. तिने कुरकुरीत कडा मोडून खायला सुरुवात केली. मधला मऊ भाग ती टाकणार हे थेल्माला माहीत होतं, आणि आज त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

मैद्याशी कट्टी असलेली जॅनिस ताटलीकडे नुसती बघत होती. मग तिची नजर टेबलाच्या डोक्याकडे गेली आणि तिने थेल्माच्या हाताला हात लावला.

क्लिफर्डने काटा उचलला होता. दुसऱ्या हातात सुरी होती. चौकोनाचा कोपरा त्याने कापला, ग्रेव्हीत बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. मग दुसरा. तो घाईने खात होता, कोपर पसरून, डावीउजवीकडे नजर टाकत. जणू बाजूला बसलेल्या भावंडांच्या आधी संपवायचं होतं. ताटली रिकामी झाली तशी ती त्याने थेल्मापुढे धरली. तिने दुसरा चौकोन वाढला. तोही गेला. मग त्याने बोटाने ताटलीतली ग्रेव्ही पुसून चाटली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी उभी धरली.

"झालं, आई," तो थेल्माला म्हणाला. "सगळ्यांच्या आधी झालं. आता मांस?"

जॅनिसने तोंडावर हात धरला. थेल्मा उभीच राहिली. तो तिच्याकडेच बघत होता, तिच्या डोळ्यांत, कितीतरी महिन्यांनी इतकं सरळ. त्याचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. आणि त्या आनंदात ती स्वतः कुठेच नव्हती.

मी थेल्मा आहे रे, असं तिला म्हणता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही. पण त्याच्या हातातली ती पुसलेली ताटली तिला दिसत होती.

"अजून नाही," ती म्हणाली. मग सासूचा आवाज आठवून, थोडा जाड करून म्हणाली, "थांब जरा. शिजायला नको?"

त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली. "पण मोठा तुकडा मला."

"तुलाच. तुझी थाळी आधी रिकामी झाली ना?"

"नामी," तो म्हणाला आणि समाधानाने हात मांडीवर ठेवून बसला.

थेल्मा स्वयंपाकघरात आली, नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. नाताळापासून हा माणूस उपाशी होता, आणि तो काही नखरे करत नव्हता. तो वाट बघत होता. दर रविवारी समोर मांस यायचं आणि तो आईच्या धाकाने ते मागे सारायचा, कारण पुडिंग संपवल्याशिवाय मांसाला हात लावायचा नसतो. भूक लागलेली असताना, पोट पाठीला लागलेलं असताना, तो दाराकडे बघत बसायचा की आई पुडिंग कधी आणते. आणि ती वेडी पुदिना बदलत होती, लसूण टोचत होती, ताटली निळी करत होती. पुडिंग तर ती दर रविवारी वाढतच होती. पण छोटं, गोल, मांसाच्या कुशीत. रॉचडेलचं.

"जिंकलात हो सासूबाई," ती पत्र्याकडे बघून म्हणाली.

मांस झालं तेव्हा क्लिफर्डने मोठा तुकडा खाल्ला, आणि त्यावर बटाटे, आणि गाजरं. सगळ्यांना उशीर झाला होता, बेथनी टेबलावर डोकं ठेवून पेंगत होती, ल्यूकने वडे अर्धे टाकले होते. जॅनिसने पुडिंगचा एक थंड तुकडा उचलून उभ्याउभ्याच खाल्ला आणि मग पत्र्याला चिकटलेलंही खरवडलं.

संध्याकाळी निघताना तिने दारात आईला धरलं. "उद्या नाही सांगते त्यांना."

"सांग."

"रोज करणार आहेस पुडिंग?"

"रोज करीन."

"आणि बाबा तुला..." जॅनिसने पर्स खांद्याला लावली. "चालेल तुला?"

"जा आता," थेल्मा म्हणाली. "पोरगी झोपेला आलीय."

बाहेर अजून उजेड होता. काल या वेळेला अंधारून आलं होतं. चोरलेला तास म्हणतात तो संध्याकाळी असा परत मिळतो. थेल्मा भांडी विसळत होती आणि क्लिफर्ड शेजारी उभा राहून फडक्याने पुसत होता, एकेक काटा, एकेक चमचा, मन लावून. पोट भरलेल्या माणसाचा रंग त्याच्या गालावर आला होता. तिला वाटलं, आता 'आई' जाईल, आता 'पोरी' म्हणेल. ती मुद्दाम गप्प राहिली, त्याला जागा म्हणून.

"आई," तो म्हणाला.

थेल्माने पाण्यातला हात काढला नाही. "काय रे?"

"पुढच्या रविवारी एका पोरीला घेऊन येऊ का जेवायला?"

चौकोनी पत्रा तिच्या हातातून सुटून पाण्यात बुडाला. तिने तो परत उचलला आणि घासायला लागली.

"कुठली पोरगी?"

"रॉचडेलची." त्याने चमचा खाली ठेवला. आता तो ताठ उभा होता, हाताच्या मुठी वळून. "डोंगरापलीकडची आहे, माहितीय मला. पण तू तिला काही बोलायचं नाहीस. आत्ताच सांगून ठेवतो. तू बोललीस तर मी ताटावरून उठेन आणि तिच्याबरोबर निघून जाईन."

हे वाक्य थेल्माला त्या बसमध्ये हवं होतं. पुढे कितीतरी वर्षं ती रागाच्या भरात मनातल्या मनात ते त्याच्या तोंडी घालत असे, आणि मग कधीतरी तिने ते सोडून दिलं होतं. आता ते आलं होतं, शब्दाला शब्द, आणि ज्या बाईला सांगायचं तिलाच तो सांगत होता.

"नाही बोलणार," ती म्हणाली. आवाज जाड करायचं तिला सुचलं नाही.

"तिला पुडिंग मांसाबरोबर लागतं. एकाच ताटलीत. तसं वाढशील?"

"वाढीन."

"शब्द?"

"शब्द दिला."

त्याच्या मुठी सैल झाल्या. त्याने तिच्या हातातून पत्रा घेतला आणि पुसायला लागला.

"नाव काय तिचं?" थेल्माने विचारलं.

क्लिफर्ड थांबला. फडकं पत्र्याच्या कोपऱ्यात तसंच राहिलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला, डोंगराच्या बाजूला, बराच वेळ.

"आठवेल," तो म्हणाला. "चांगलं नाव आहे."